सॉल्टर या आडनावाचा साद्यंत इतिहास

३ मार्च १९५७, रविवार

आजपासून रोजनिशी. ही केवळ माझ्यासाठी आहे. आईला वाचता येत नाही, तरीपण वही तांदळाच्या पिंपामागे ठेवणार. सावधपणा बरा.

संकल्प तीन. पहाटे उठणे. रोज एक इंग्रजी शब्द स्पेलिंगसह पाठ करणे. आणि दिवाळीच्या आत काशीराम सारंगांच्या प्रेमलतेशी लग्न ठरवणे. पहिले दोन अवघड आहेत, कारण त्यांत मी एकटाच आहे. तिसऱ्यात निदान दोन माणसे आहेत.

परिस्थिती अशी. मी भिकाजी शंकर कांदळगावकर, वय तेवीस, राहणार दांडी, मालवण. शिक्षण इंग्रजी पाचवीपर्यंत. पुढचे राहिले, त्यात माझा दोष नाही, गणिताचा आहे. बंदरावर आगबोटीच्या एजंटाकडे लगेज क्लार्क. टेम्पररी.

अडचण एकच. आमच्या घरी खारे. वडील गेल्यापासून आई बांगड्यांना मीठ लावते, सुकवते आणि कुडाळच्या बाजारात नेऊन विकते. काशीराम सारंग जन्मभर बोटीवर होते, विलायत पाहून आले. परवा वाडीतल्या धोंडूमामांच्या पडवीत ते म्हणाले म्हणे, "आनंदीचो झील बरो आसा, पण घराक खाऱ्याचो वास." आनंदी म्हणजे आई, झील म्हणजे मी. मला 'बरो' म्हणाले. म्हणजे अर्धे काम झाले. उरला वास.

५ मार्च

उठायला उशीर. पण आजचा दिवस ऐतिहासिक आहे.

आमच्या ऑफिसात छताला स्प्रिंगचा काटा टांगलेला आहे. पितळेची गोल तबकडी. रोज तिच्यावरची वजने वाचतो, पण वजनांच्या वर काय लिहिले आहे ते कधी वाचले नव्हते. काळे पडले होते. आज बोट उशिरा, म्हणून तबकडी चिंचेने घासली. खालून नाव निघाले. एस, ए, एल, टी, ई, आर. सॉल्ट म्हणजे मीठ हे मला येते. पण ई-आरचे काय? दिवसभर चैन नाही. एका बाईच्या ट्रंकेचे वजन दोनदा चुकले.

७ मार्च

मिंगेल मास्तरांकडे गेलो. पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत. आता रिटायर, गुलाब आणि कोंबडे पाळतात. मास्तर म्हणाले, शब्दाला ई-आर लागला की ते काम करणारा माणूस होतो. सॉल्टर म्हणजे मीठ करणारा, मीठ विकणारा, किंवा मासळीला नाहीतर मांसाला मीठ लावून ठेवणारा. आणि हे आडनाव आहे!

मी मटकन खालीच बसलो. कोंबडा उठून गेला.

मग मास्तरांनी सगळे सांगितले. सहा-सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडात सामान्य माणसाला आडनावच नव्हते. नुसता जॉन. एका गावात चार जॉन. पट्टी वसूल करायला कारकून येई आणि विचारी, कुठला जॉन? लोक म्हणत, तो मीठवाला. कारकून लिहून टाकी. पुढे मुलगा मीठ विको न विको, नातू सुतार होवो, नाव तेच राही. मी विचारले, पण खुद्द जॉनला कुणी विचारत नसे का? मास्तर म्हणाले, "जॉनाक कोण इचारता? जॉन मेलो खंय तरी मीठ इकूक गेलेलो."

परत येताना वाळूत पाय उचलत नव्हते, इतके विचार. विलायतेत खारेवाल्याचे नाव पितळेवर घालतात. मालवणात खारेवाल्याला मुलगी मिळत नाही. हा अन्याय कुणीतरी जगापुढे मांडला पाहिजे. मी मांडणार. ग्रंथरूपाने.

१२ मार्च

ग्रंथाचे नाव ठरले: 'सॉल्टर या इंग्रजी आडनावाचा साद्यंत इतिहास'. पहिले पान लिहिले. 'साद्यंत' तीन ठिकाणी तपासला. प्रस्तावनेत मिंगेल मास्तरांचे, मातोश्रींचे व लगेजच्या काट्याचे आभार मानले. मजकूर उद्यापासून.

योजना अशी: ग्रंथ पूर्ण करायचा, त्यावर वाचनालयात लेक्चर द्यायचे, अध्यक्ष म्हणून काशीराम सारंगांना बोलवायचे. ते ऐकतील, त्यांचे मतपरिवर्तन होईल, मग आपणहून विषय काढतील. त्यांना तोंडावर विचारणे बरे दिसत नाही.

१४ मार्च

बाबलीला विश्वासात घेऊन सगळे सांगितले. बाबली बोटीवरची माणसे पडावातून धक्क्यावर आणतो, लहानपणापासूनचा मित्र. कुणाला सांगू नकोस म्हटले. तो म्हणाला, "माका काय खुळो समाजलंस?"

१५ मार्च

आज धक्क्यावर पडाव लागताच बाबली सगळ्यांसमोर ओरडला, "ओ सालटर, दोरी धर रे!" हमाल हसले. दुपारी चहावाल्यानेही सालटर म्हणूनच कप पुढे केला. 'ल' अर्धा म्हणायला हवा, हे दोघांनाही समजावून दिले. विचार लोकांत झिरपू लागला आहे, ही समाधानाची बाब.

२७ मार्च

दुःखद. आई पहाटे कुडाळला बाजाराला गेली. जाताना दोन पाट्या ताजा बांगडा दाखवून म्हणाली, "भिकू, ह्येका दुपारच्या आत मीठ लाव. इसरशीत!" मी म्हटले, आई, हा आता माझ्या अभ्यासाचाच विषय आहे.

प्रकरण पहिले चालू होते: 'मत्स्यलवणाची प्राचीन परंपरा'. वाक्य जमत नव्हते. जमले तेव्हा आई दारात उभी होती आणि बांगड्यांचे डोळे लाल झाले होते. मी तिला वाक्य वाचून दाखवले. मग तिने दोन्ही पाट्या उचलून मागे माडांच्या मुळांत रिकाम्या केल्या. माडांना मासळीचे खत चांगले असते, त्यामुळे नुकसान म्हणता येणार नाही. आई रात्री जेवली नाही. मीही थोडेच जेवलो.

२ एप्रिल

आज ती ऑफिसात आली!!

मुंबईच्या भावाला पाठवायचे पार्सल घेऊन आली होती. मी वजन तीनदा केले. चौथ्यांदा करणार तोच ती म्हणाली, "सालटरानू, बस झाला. बोट सुटात." आणि पदर तोंडाला लावून हसली. आजवर मला कुणीही बाईमाणसाने आडनावाने हाक मारली नव्हती. सालटरानू! आदरार्थी!

पार्सलात काय आहे म्हणून नियमाप्रमाणे विचारले. म्हणाली, "खारे बांगडे. तुमच्याच आयेकडसून घेतलंय. भावाक दुसरे चलनत नाय, आणि माकाव." मी पावतीवर 'किरकोळ खाद्यवस्तू' लिहिले, म्हणजे तिला संकोच नको.

ती हसली यावर विचार केला. विद्वत्तेचा परिणाम दिसतो.

१९ एप्रिल

लेक्चरची तारीख ठरली, ५ मे. काशीराम सारंगांना आमंत्रण द्यायला गेलो. अध्यक्ष होता का म्हटल्यावर खूश झाले. म्हणाले, "ऑल राइट. पण लांबव नको." घरात प्रेमलता नारळ खोवत असावी, आवाज येत होता. लग्नाचा विषय काढायला ही वेळ बरी होती, पण मी लेक्चरसाठी गेलो होतो. एका कामात दुसरे काम घुसवू नये.

५ मे, रविवार

लेक्चर झाले. सभागृहात गर्दी बरी. बाबली आणि त्याचे खलाशी पुढेच होते. मिठाचा भाव कमी होणार म्हणून सभा आहे, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. मिंगेल मास्तर कोट घालून आले.

मी उभा राहिलो. उच्चार शुद्ध. ई-आर समजावला. चार जॉनची गोष्ट सांगितली. मिठाच्या गोण्या घोड्यांवर लादून सॉल्टर लोक ज्या वाटांनी जात, त्या वाटांना तिकडे अजून मिठाच्या वाटा म्हणतात, हे सांगितले. मग आवाज चढवून म्हटले, "मिठाचा धंदा करणाऱ्याचे नाव तिथे पितळेवर कोरले जाते! आणि इथे?" इथे टाळ्या अपेक्षित होत्या. बाबलीने विचारले, "मगे भाव कमी जातलो काय नाय?"

धोंडूमामांनी प्रश्न विचारला: "त्या सायबाचा कुळदैवत खंयचा?" मी म्हटले, ते पाचव्या प्रकरणात घेणार आहे.

नंतर अध्यक्षीय भाषण. काशीराम सारंग म्हणाले, पोरग्यान अभ्यास बरो केल्यान. माझे कान तापले. मग म्हणाले, "लिव्हरपुलाक माका एक साल्टर भेटलेलो. दारूचा दुकान होता तेचा. मिठाक हात लावी नाय. आता ह्यो काट्यार नाव इला तो साल्टर. तेनाय मीठ सोडल्यान, काटे करूक लागलो, म्हणान नाव पितळेर इला. मीठच लायत बसलो असतो तर कोण इचारता? तेव्हा भिकाजी, तूय सोड खारे. मगे बघूया."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर लक्षात आले की तर्काला तोड नाही. लेक्चरभर मी त्यांचीच बाजू मांडत होतो.

पण 'मगे बघूया' म्हणाले. हे जवळजवळ हो आहे.

७ मे

आईला सांगितले की खाऱ्यांचा धंदा बंद करावा, तसे अध्यक्षांचे मत पडले. आई मिठाचे हात न धुता ऐकत होती. म्हणाली, "करूया बंद. मगे जेवणात काय घालू? तुझी पाना?" टेम्पररीचे पर्मनंट झाले की हा प्रश्न राहणार नाही. पर्मनंट होणे माझ्या हातात नाही. माझ्या हातात ग्रंथ आहे.

आणि आई एक विचित्र बोलली. म्हणाली, "तू तेंका चेडवाचा इचारलंस काय?" मी म्हटले, मुलीचे विचारले, अप्रत्यक्षपणे.

१४ जून

पावसामुळे बोटी बंद. सप्टेंबरपर्यंत काम नाही, म्हणजे ग्रंथाला पूर्ण वेळ. प्रकरण दुसरे आजपासून.

२ जुलै

प्रकरण दुसरे उद्यापासून. समास आखून ठेवले.

१७ जुलै

भयंकर. मिंगेल मास्तरांना माळ्यावर एक जुने जाड पुस्तक सापडले. त्यात सॉल्टर नावाची आणखी एक उत्पत्ती दिली आहे! पूर्वी तिकडे सॉल्टरी नावाचे तारांचे वाद्य होते, मांडीवर घेऊन छेडायचे. ते वाजवणाऱ्यालाही सॉल्टर म्हणत. म्हणजे काही सॉल्टर मीठवाले आणि काही वाजवणारे.

मी विचारले, मग आमच्या काट्याचे सॉल्टर कोणते? मास्तरांनी पान उलटले. पुढचे वाळवीने खाल्ले होते. म्हणाले, "कोणाचो आजो मीठ इकी, कोणाचो वाजय. तुका काय करूचा आसा? तुका चेडू होया काय डिक्शनरी?"

मास्तरांचे वय झाले आहे. त्यांना यातले गांभीर्य कळत नाही. मी भर सभेत, काशीराम सारंग अध्यक्ष असताना, सॉल्टर म्हणजे मीठवाला असे ठामपणे सांगितले. ते अर्धसत्य होते! अर्धसत्य सांगणाऱ्याला मुलगी कोण देईल? आधी याचा निकाल लागला पाहिजे. तोवर त्यांच्या घरावरून जायचे नाही. आजपासून बंदरावर मागच्या वाटेने.

६ ऑगस्ट

निकाल लागत नाही. पुस्तके नाहीत. झोप नाही. शेवटी ठरवले की माणसांना मध्ये न घेता देवालाच सांगावे. नारळी पौर्णिमा आली. दर वर्षी बंदरावर आमच्या वाडीचे गाऱ्हाणे धोंडूमामा घालतात. त्यांना भेटून मनातली गोष्ट सांगितली आणि गाऱ्हाण्यात माझे एवढे घाला म्हटले. मामा म्हणाले, "मेल्या, मनात आसा ता देवाक म्हायत आसता. 'जा काय मनात आसा ता पुरा कर' म्हणतंय, झाला."

मला हे मोघम वाटले. दांडीत तीन भिकाजी आहेत. एकाचे दुकान आहे, एक मेढ्यातून इकडे राहायला आला आहे. वर काशीराम सारंगांना मुली दोन. देवाचा गोंधळ झाला आणि भलतेच झाले तर जन्माचे नुकसान. मामांना म्हटले, पूर्ण तपशील घालायचा. मामांना लिहिता-वाचता येत नाही, पण पाठांतर दांडगे. रोज संध्याकाळी जाऊन पाठ करून घेतो आहे. कोण, कुणाचा, काय काम करतो, कशाचा अभ्यास, कुठली मुलगी. आज एकही चूक झाली नाही. तंबाखू दिला.

१० ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

लिहवत नाही. पण नोंद हवी.

किल्ल्याचा मानाचा नारळ झाला. मग वाड्यांचे. सगळी दांडी बंदरावर. पुरुष पुढे, बायका मागे. काशीराम सारंग धुतलेल्या पांढऱ्या पँटीत, हातात नारळ. प्रेमलता माझ्या आईशेजारी. धोंडूमामा पाण्यात गुडघाभर उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली.

मामांचा आवाज वादळात होड्यांना ऐकू जातो, हे मला माहीत होते. गाऱ्हाणे मोठ्याने घालतात, हेही मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तरी माझ्या डोक्यात असे होते की माझ्यापुरते ते मनात म्हणतील. असे का होते, ते सांगता येत नाही.

"बा समुद्रा म्हाराजा! आज पुनवेक तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत. होड्यांक, माणसांक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो आनंदीचो झील भिकाजी, दुकानाचो न्हय, मेढ्यातलो न्हय, काट्यावरचो, जेका आमी सालटर म्हणतो!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका काशीराम सारंगाच्या चेडवाची आस लागली आसा! थोरल्याची न्हय, तेचा लगीन झाला. धाकट्याची, प्रेमलताची!"

"व्हय म्हाराजा!!"

"ता तेका गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!!"

होड्यांच्या वेळी नव्हता एवढा आवाज. सगळ्यांत मोठा बाबलीचा. त्याच्या खालोखाल काशीराम सारंगांचा. सवयीने ओरडून गेले असावेत. मामांनी वळून माझ्याकडे पाहिले आणि एकही चूक झाली नाही ना, अशी मान हलवली. झाली नव्हती.

मी होडीच्या आड बसलो. थोड्या वेळाने समोर पांढरी पँट. काशीराम सारंग म्हणाले, "देवाक सांगलंस. माका सांगूक कधी येतलंस?" मी वाळूकडे पाहत राहिलो. ते म्हणाले, "ये एकदा घराक," आणि नारळ सोडायला गेले. आवाजात राग नव्हता. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिले, नव्हता.

११ ऑगस्ट

आई म्हणते आजच जा. बाबली म्हणतो आजच जा. मिंगेल मास्तरांनी घरी येऊन सांगितले, जा. यांना काय जाते! त्यांनी बोलावले आहे म्हणजे विचारणार. विचारणार म्हणजे सॉल्टरचे विचारणार. मीठ की वाद्य, हे नक्की झाल्याशिवाय मी कोणत्या तोंडाने जाऊ?

पुढच्या आठवड्यात नक्की.

३० ऑगस्ट

गणपती. सगळेच गडबडीत. अशा वेळी कुणाकडे जाऊन बसणे बरे नव्हे.

१० सप्टेंबर

पितृपक्ष लागला. लग्नाचे बोलणे अशुभ. माझा नाइलाज आहे.

१८ सप्टेंबर

बोटी सुरू. लगेजच्या काट्यापाशी रोज उभा राहतो. तबकडी घासायचे सोडले आहे. उतारूसुद्धा आता सालटर म्हणतात. मुंबईपर्यंत पोचले वाटते. परवा प्रेमलता भावाचे पार्सल द्यायला आली होती. या वेळी हसली नाही. म्हणाली, "बाबा इचारी होते, तुमी येतालास म्हणान." मी म्हटले, दसऱ्याला. पार्सलाचे वजन एकदाच केले.

३ ऑक्टोबर, दसरा

गेलो! कोट घातला. आपट्याची पाने दिली, पाया पडलो. काशीराम सारंगांनी खुर्ची दिली. जहाजावरचे घड्याळ भिंतीवर टिकटिकत होते. प्रेमलतेने पोहे आणि चहा आणून ठेवला आणि दाराआड उभी राहिली. पायाची बोटे दिसत होती. काशीराम सारंग म्हणाले, "हां. बोल."

मनात वाक्य तयार होते. तोंडातून दुसरेच निघाले. म्हटले, "मे महिन्यात मी जे बोललो, त्यात एक दुरुस्ती आहे."

मग वाद्याचे सगळे सांगितले. तारा, मांडी, छेडणे, वाळवी. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. थांबलो असतो तर ते दुसरे बोलावे लागले असते. दिवेलागण झाली. दाराआडची बोटे केव्हा गेली, कळले नाही. काशीराम सारंगांनी घड्याळाकडे पाहिले. मग म्हणाले, "ह्याच सांगूक इलंस?"

मी म्हटले, "हो."

म्हणाले, "ऑल राइट."

प्रेमलता कपबशी उचलायला आली, ती जरा आपटून उचलली. पण मन हलके झाले. सत्य सांगितले. आता वाट मोकळी आहे. दिवाळीनंतर मुख्य विषय काढणार.

१३ नोव्हेंबर

आई कुडाळच्या बाजारातून आली. पाटी खाली ठेवली आणि पाणी मागितले नाही. म्हणाली, प्रेमलतेचे ठरले. फोंडाघाटचे महादूशेठ. मिठाचे व्यापारी. घाटावर कोल्हापूरकडे मीठ चढवतात.

मिठाचे!

आई वाटेत मुद्दाम काशीराम सारंगांकडे गेली होती. त्यांना म्हणाली, आमच्या मिठाचो वास तुमका लागता, मगे ह्येच्या मिठाचो? ते म्हणाले, "मिठाक वास येता काय गो? बांगड्याक येता. आणि वासाचा काय, ता मी बोललंय एकदा. तो इलो, वायच बसलो, इचारल्यान."

एवढेच. आला, थोडा बसला, विचारले.

यावर विचार केला. शेवटी मुलगी मीठवाल्यालाच दिली. म्हणजे माझा मूळ मुद्दा समाजाने मान्य केला. ग्रंथाच्या दृष्टीने ही महत्त्वाची घटना आहे.

आईने जेवायला हाक मारली. भूक नाही म्हटले.

२ डिसेंबर

प्रेमलतेने आईकडे निरोप पाठवला. फोंडाघाटला ताजी मासळी मिळायची नाही, तेव्हा बरोबर न्यायला खारे बांगडे हवेत, आनंदीमावशीच्याच हातचे. आईच्या उजव्या हाताला चीर पडली आहे, मीठ लागले की ओरडते. म्हणून मी बसलो.

पोट चिरायचे, कल्ले काढायचे, मीठ आत दाबायचे, वरून चोळायचे, एकाआड एक थर. आई शेजारी बसून सांगत होती. वाक्य सुचले तरी उठलो नाही. दुपारच्या आत झाले. आईने एक बांगडा उलटून पाहिला आणि परत ठेवला. म्हणजे बरोबर.

हात अजून झोंबतात. पेन नीट धरता येत नाही. अक्षराबद्दल क्षमस्व. (कुणाची मागतो आहे?)

११ डिसेंबर

उद्या लग्न. आहेर म्हणून पितळेचा तांब्या घेतला. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालतात, म्हणून बाबलीबरोबर बाजारात नाव घालणाऱ्याकडे गेलो. त्याच्यापुढे याच लग्नाच्या भांड्यांची रास. छिन्नी उचलून म्हणाला, कोणाच्या नावाने? मी म्हटले, भिकाजी. त्याने कपाळाला हात लावला. सकाळपासून दोन भिकाजींची भांडी झाली होती. म्हणाला, "खंयचो भिकाजी?"

मी तोंड उघडले. तेवढ्यात बाबली, मागचा चहावाला आणि टोपली घेऊन चाललेली एक अनोळखी बाई, तिघेही एकदम म्हणाले, "खाऱ्यांचो! सालटर!"

तो ठोकायला लागला. मी वाकून पाहिले. 'सा' झाला होता आणि छिन्नी पुढच्या अक्षरावर टेकली होती. मी त्याचा हात धरला. नम्रपणे सांगितले की 'सा'वर चंद्र हवा, आणि पुढचा 'ल' अर्धा. भला माणूस. त्याने चंद्र अगदी रेखीव काढला. 'भिकाजी सॉल्टर'. पितळेवर, उन्हात चमकत होते. फार समाधान वाटले.

वाळूतून घरी येताना, निम्म्या वाटेवर, आठवले की आपले आडनाव कांदळगावकर आहे.

१२ डिसेंबर

लग्न लागले. आहेर दिला. महादूशेठ माणूस साधा, गोल चेहऱ्याचा. तांब्या फिरवून नाव वाचले आणि विचारले, "सॉल्टर? हे कोण?"

प्रेमलता म्हणाली, "खारे बांगडे देतत ते."

महादूशेठनी हात जोडले. मीही जोडले.

ग्रंथ बंद. मात्र पहिल्या प्रकरणात एक दुरुस्ती राहिली आहे, ती इथेच करून ठेवतो. कारकून आला तेव्हा जॉन मीठ विकायला गेलेला नव्हता. तो तिथेच उभा होता आणि स्पेलिंग तपासत होता.